चेपणारे हात

गेल्या वर्षी क्रॉस कंट्रीच्या सरावात माझ्या उजव्या मांडीचा मागचा स्नायू आखडला. एमआय रूममध्ये बर्फ मिळाला, गोळी मिळाली आणि पंधरा दिवस पीटीतून सूट मिळाली. सूट घेतलेल्या कॅडेटकडे बाकीचे कसे बघतात ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी आठव्याच दिवशी धावलो आणि दुखणे वाढवून घेतले. सुट्टीत दिल्ली कँटोन्मेंटला घरी पोहोचलो तेव्हा जिना उतरताना लंगडत होतो.

आईने मला फिजिओथेरपिस्टकडे नेले. मला वाटले होते मोठे मशीन लावतील. पण मॅडमनी मांडीवर नुसता अंगठा फिरवला, एक जागा शोधली आणि तिथे सावकाश दाब देत थांबल्या. पहिली काही सेकंदे डोळ्यांत पाणी आले. मग आत काहीतरी सैल पडल्यासारखे वाटले. त्यांनी सांगितले की प्रत्येक स्नायूभोवती एक पातळ पांढरे आवरण असते, संत्र्याच्या फोडीवर असते तसे. त्याला फॅशिया म्हणतात. दुखापतीनंतर किंवा फार ताण पडल्यावर तो भाग ताठर होतो, हलवला की दुखतो, आणि दुखतो म्हणून आपण तो आणखी कमी हलवतो. हाताच्या दाबाने तो मोकळा व्हायला मदत होते. मात्र जोर कमी आणि वेळ जास्त लागतो, हे त्यांनी दोनदा सांगितले.

त्या वेळी आजोबा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. त्यांनी तरुणपणी तालीम केलेली आहे. दिल्लीत आले की कुतुबमिनार वगैरे नाही, त्यांना जामा मशिदीजवळच्या उर्दू पार्कातल्या रविवारच्या कुस्त्या बघायच्या असतात. कुस्त्या बघून परत निघालो तेव्हा वाटेत एक मालिशवाला तेलाच्या बाटल्या घेऊन बसला होता. आजोबांनी त्याच्याकडून पोटऱ्या चेपून घेतल्या. मी नीट पाहत होतो. त्याने अंगठा फिरवला, जागा शोधली आणि तिथे दाब देत थांबला. अगदी मॅडमसारखेच. फरक एवढाच की मॅडमना सगळे मॅडम म्हणत होते आणि त्याला लोक ए म्हणून हाक मारत होते.

ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. नंतर इंग्रजीच्या तासाला सरांनी सांगितले की शाम्पू हा शब्द भारतातून गेला आहे. मूळ हिंदी चाँपना, म्हणजे दाबणे. चंपी त्यातलीच, आणि आपले चेपणेही त्याच घराण्यातले असावे असे मला वाटते. इंग्रजीत पूर्वी शाम्पू करणे म्हणजे अंग चेपणे. केस धुणे हा अर्थ पुष्कळ नंतर आला. हा शब्द इंग्लंडमध्ये घरोघरी ज्यांच्यामुळे पोहोचला त्या माणसाचे नाव सरांनी फळ्यावर लिहिले. शेख दीन महंमद. मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले, आणि वाचता वाचता माझे मत दोनदा बदलले.

दीन महंमद यांचा जन्म १७५९ साली पाटण्याला झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. महसूल वसूल करायला गेलेल्या तुकडीबरोबर असताना ते चकमकीत मारले गेले. तेव्हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. पाटण्याच्या छावणीभोवती तो घुटमळत असे. तिथे गॉडफ्री इव्हान बेकर नावाच्या तरुणाने त्याला आपल्याबरोबर घेतले. बेकर आयर्लंडमधून आलेला होता आणि कंपनीच्या फौजेत कॅडेट होता. कॅडेट हा शब्द वाचून मी जरा थांबलो. आईची इच्छा नसताना हा मुलगा छावणीबरोबर निघून गेला. आमच्यातले बहुतेक जण साधारण त्याच वयात घर सोडून इथे आले, पण आम्हाला सोडायला आई आली होती आणि सुट्टीत परत जाता येते.

पुढची बारा-तेरा वर्षे तो कंपनीच्या फौजेबरोबर गंगेच्या काठाने फिरत राहिला. आधी बेकरचा आश्रित, मग जमादार, मग सुभेदार. हाच काळ आपल्या इतिहासाच्या पुस्तकात दुसऱ्या बाजूने येतो. १७७२ च्या जानेवारीत महादजी शिंदे यांच्या बंदोबस्तात बादशहा शाह आलम दिल्लीत परतला, तेव्हा हा मुलगा कंपनीच्या छावणीत होता. पुढे पहिले इंग्रज-मराठा युद्ध झाले, त्यात तो मराठ्यांच्या विरुद्ध बाजूला होता. हे वाचून मला आधी तो आवडेनासा झाला. पण कंपनीच्या फौजेत असे हजारो होते, आणि अकरा वर्षांच्या मुलाने बाजू निवडली असे कोणी म्हणू शकत नाही.

१७८२ मध्ये बेकरवर गावकऱ्यांकडून पैसे उकळल्याचा आरोप आला आणि त्याने नोकरी सोडली. दीन महंमद यांनीही सोडली. १७८४ मध्ये दोघे आयर्लंडच्या कॉर्क गावी पोहोचले. दीन महंमद पंचवीस वर्षांचे होते. तिथे त्यांनी इंग्रजी शिकून घेतले, जेन डेली नावाच्या मुलीशी पळून जाऊन लग्न केले, ख्रिस्ती झाले, आणि १७९४ मध्ये आपल्या प्रवासाचे दोन भागांचे पुस्तक छापले. भारतीयाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानतात. या पुस्तकात छावण्या आहेत, बाजार आहेत, लढाया आहेत. आपण वैद्यकी शिकलो असे मात्र त्यात कुठेही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८०७ च्या सुमारास ते कुटुंबासह लंडनला आले. तिथे बेसिल कॉक्रेन नावाचा एक श्रीमंत गृहस्थ होता. त्याने मद्रासकडे कंपनीच्या काळात पैसा केला होता आणि आता पोर्टमन स्क्वेअरमधल्या घरी वाफेचे स्नानगृह उघडले होते. दीन महंमद तिथे कामाला लागले. वाफ तिथे होतीच. त्यांनी तिला चंपीची जोड दिली. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्येच हिंदुस्तानी कॉफी हाउस काढले. वेताच्या खुर्च्या, हुक्का, मसालेदार जेवण. भारतीयाने इंग्लंडमध्ये काढलेले ते पहिले उपाहारगृह, आणि ते दोन वर्षांत बुडाले. १८१२ मध्ये ते दिवाळखोर झाले. वय त्रेपन्न, घरात मुले, हातात काही नाही.

हातात काही नाही हे चूक लिहिले. हात होते.

१८१४ मध्ये ते ब्रायटनला गेले. हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे गाव. त्या वेळी समुद्रस्नानाने प्रकृती सुधारते अशी श्रीमंतांची श्रद्धा होती आणि खुद्द युवराजाचा महाल तिथे होता. म्हणजे दुखणारे सांधे आणि भरलेले खिसे एकाच गावात गोळा झालेले. १८२१ मध्ये दीन महंमद यांनी समुद्रासमोर किंग्ज रोडवर मोठे स्नानगृह उघडले. पुरुषांची व्यवस्था ते स्वतः पाहत आणि स्त्रियांची जेन.

त्यांची पद्धत मी दोनदा वाचली, कारण ती मला पटली. आधी माणसाला वनस्पती घातलेल्या पाण्याच्या वाफेत ठेवायचे. चांगला घाम सुटला की फ्लॅनेलच्या कापडाच्या एका तंबूत बसवायचे. तंबूला बाह्या शिवलेल्या असत. चेपणारा बाहेर उभा राहून बाह्यांतून हात आत घालायचा आणि वाफेतच अंग चेपायचा. त्यामुळे उष्णता जात नसे आणि अंगही झाकलेले राही. आमच्या फिजिओ मॅडमनीही आधी गरम शेक दिला होता आणि मगच हात लावला होता. गरम झालेला स्नायू दाबाला लवकर सैल होतो. थंडीत वॉर्मअप न करता धावणाऱ्याला हे मी वेगळे सांगायला नको.

सुरुवातीला ब्रायटनच्या लोकांनी थट्टा केली. मग संधिवाताने आखडलेले, जुन्या मुरगळीने लंगडणारे लोक येऊन बरे वाटून जाऊ लागले. बरे झालेल्यांनी सोडलेल्या कुबड्या स्नानगृहात मांडून ठेवलेल्या असत. मला ही जाहिरात फार हुशारीची वाटते. गावातले डॉक्टरही रोगी पाठवू लागले. शेवटी चौथा जॉर्ज आणि त्याच्यानंतर चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्यांना आपला शाम्पूइंग सर्जन नेमले. पाटण्याच्या छावणीतला पोरका मुलगा इंग्लंडच्या राजाचे अंग चेपत होता, आणि त्या कामाला सर्जन म्हणत होते.

आता ती पुढे लागणारी गोष्ट. १८२२ मध्ये त्यांनी आपल्या उपचारांवर पुस्तक छापले. त्यात जन्मसाल १७४९ दिले, म्हणजे दहा वर्षे आधीचे, आणि आपण कंपनीच्या फौजेत वैद्यकी शिकलो, सर्जन होतो असे लिहिले. पहिल्या पुस्तकाशी हे जुळत नाही. इतिहासकार म्हणतात की शिक्षणाची वर्षे बसवण्यासाठी वय वाढवले असावे. शिवाय चंपीने दमा आणि अर्धांगवायूही बरा होतो असा दावा त्यांनी केला. स्नायू सैल होणे वेगळे आणि दमा बरा होणे वेगळे.

इथे माझे मत दुसऱ्यांदा बदलले. आमच्या शाळेत खोटे बोलणे हा सगळ्यात मोठा गुन्हा समजतात, चोरीपेक्षाही. मी हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. दोन दिवस मी या लेखासाठी दुसरे कोणी शोधत होतो. हाउसमधल्या मित्राचे म्हणणे पडले की माणूस फसवा होता, विषय संपला. पण मला उर्दू पार्कच्या वाटेवरचा तो मालिशवाला आठवत राहिला. त्याच्याकडे कला आहे आणि त्याला ए म्हणतात. आपल्याकडे चेपणे हे नोकराचे, न्हाव्याचे, सुनेचे किंवा नातवाचे काम. आमच्या हॉस्टेलमध्ये सीनिअरने ज्युनिअरकडून पाय चेपून घेतले तर शिक्षा होते, आणि व्हायलाच हवी, कारण तिथे चेपणे म्हणजे समोरच्याला खाली बसवणे. दीन महंमद जर खरे तेच सांगत राहिले असते, की मी सुभेदार होतो, माझे उपाहारगृह बुडाले, आणि आमच्या देशात नोकर करतात ते काम मी करतो, तर लंडनच्या लॉर्डांनी त्यांच्यापुढे पाठ केली असती का? मला वाटते, नसती केली. यामुळे खोटे खरे होत नाही. वयाचे आणि शिक्षणाचे ते खोटेच बोलले, एवढे मी मित्रापुढे मान्य केले. पण मित्राचा विषय संपला हा शब्द मी मान्य केला नाही. आखडलेल्या गुडघ्याने त्यांचे वय विचारले नव्हते. हात खोटे असते तर वीस-पंचवीस वर्षे माणसे आली नसती.

उतरती कळाही आली. व्हिक्टोरिया राणीला ब्रायटन फारसे रुचले नाही, आणि महाल १८५० मध्ये शहराला विकला गेला. स्नानगृहात त्यांचा एक भागीदार होता. तो वारल्यावर १८४१ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला, आणि ती विकत घेण्याइतका पैसा ज्यांच्या नावावर ती चालत होती त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी छोट्या जागेत काम चालू ठेवले, पण तोपर्यंत इतरांनी तशीच स्नानगृहे काढली होती. १८५० च्या डिसेंबरात जेन गेली. २४ फेब्रुवारी १८५१ रोजी दीन महंमद गेले. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांचे थडगे आहे. त्यावर वय १०१ कोरले आहे. खरे वय एक्क्याण्णव-ब्याण्णव होते. ती दहा वर्षे दगडावरही तशीच राहिली.

त्यांच्या एका मुलाने, फ्रेडरिकने, ब्रायटनमध्ये तलवारबाजी, मुष्टियुद्ध आणि जिम्नॅस्टिक्स शिकवले. म्हणजे आमच्या भाषेत उस्ताद. त्याचा मुलगा फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला, रीतसर परीक्षा देऊन. मनगटावरची नाडी कागदावर उमटवणारे यंत्र त्याने सुधारले, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचाही रक्तदाब वाढलेला असू शकतो हे दाखवून दिले. १८८४ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, टायफॉइडने तो गेला. आजोबा अंगावर हात ठेवून आतली गाठ शोधत, नातू नाडीवर यंत्र ठेवून आतला दाब.

माझी मांडी आता ठीक आहे. सुट्टी संपायच्या आत मी आजोबांबरोबर आणखी एका रविवारी कुस्त्यांना गेलो. तोच मालिशवाला तिथेच बसला होता. या वेळी माझी पोटरी पुढे केली आणि त्याला उस्ताद म्हणून हाक मारली. त्याने आधी मागे वळून पाहिले, दुसऱ्या कोणाला बोलावतो आहे की काय म्हणून. मग तेलाची बाटली उघडली.