एटीएमचा पिन बँक कर्मचाऱ्यालाही का दिसत नाही? वाचा मोहम्मद अटाला यांच्याविषयी

एटीएमवर दाबलेला पिन बँकेपर्यंत उघडा जात नाही. यंत्रातच तो सांकेतिक रूपात बदलतो. ही पद्धत रुजवण्यात मोहम्मद अटाला यांचा मोठा वाटा आहे.

१९२४ मध्ये इजिप्तमधील पोर्ट सईद येथे जन्मलेले अटाला मेकॅनिकल इंजिनीअर. अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये १९५९ मध्ये त्यांनी दावोन कांग यांच्यासह मॉसफेट ट्रान्झिस्टर तयार केला. मोबाइलमधील चिप आज त्यावरच चालतात.

पुढे १९७०च्या दशकात त्यांनी कंपनी काढून ‘अटाला बॉक्स’ आणला. पिन तपासण्याची गुप्त किल्ली या बंद पेटीबाहेर येत नाही. त्यामुळे वाटेत चोरी करणाऱ्यालाच नव्हे, बँकेच्या कर्मचाऱ्यालाही पिन कळत नाही.

२००९ मध्ये त्यांचे निधन झाले. बँका आज अशा पेटीला ‘हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल’ म्हणतात.