भाड्याची खोली ते राजगृह

सभासदहो, रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने जुन्या गप्पा निघाल्या की एक वाद हमखास रंगतो. घर विकत घेतलं तेच बरं, की भाड्याने राहून पैसे गुंतवले असते तर बरं? बँकेत असताना हप्ता आणि भाडं यांची अशी आकडेमोड मी अनेकांना करून दिली. पण आकड्यांत न बसणारी एक बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात दिसते.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूचा. वडील सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले, तेव्हा परळच्या चाळीतली एकच खोली साऱ्या कुटुंबाला होती. स्वयंपाक, झोप, अभ्यास, सगळं तिथेच. पुढे परळलाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले आणि १९१७ साली कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोद्याला गेले. हुद्दा मोठा, खिशात पगार, पण राहायला जागा कोण देणार? अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलं. दोन स्नेह्यांकडे विचारून पाहिलं, दोघांनीही अडचण सांगितली. परदेशात शिकून आलेला हा विद्वान बडोद्याच्या बागेत बसून रडला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. भाडं द्यायची ऐपत होती, प्रश्न घेणाऱ्याचा होता.

त्यानंतर लंडनचं उच्च शिक्षण, वकिली, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद. एवढं मोठं काम सुरू असताना मुंबईतला पत्ता मात्र बरीच वर्षं त्या चाळीचाच होता. रमाबाईंनी काटकसरीने संसार तिथेच रेटला. पुस्तकं वाढत गेली, खोल्या मात्र दोनच.

अखेर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी स्वतःचं घर बांधलं. प्राचीन मगधाच्या राजधानीवरून नाव ठेवलं राजगृह. मनात मुख्य विचार होता ग्रंथसंग्रहाचा. पुस्तकांना कोणी खोली खाली करा म्हणणार नाही, अशी हक्काची जागा झाली. रमाबाईंना ते सुख फार काळ लाभलं नाही. २७ मे १९३५ रोजी त्या तिथेच गेल्या.

पुढे दिल्लीत मंत्रिपदामुळे सरकारी बंगला मिळाला. १९५१ मध्ये राजीनामा दिल्यावर तो सोडून ते अलीपूर रोडवरच्या २६ नंबरच्या बंगल्यात राहिले. तो त्यांच्या मालकीचा नव्हता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं लेखन तिथे सुरू होतं आणि ६ डिसेंबर १९५६ ला तिथेच त्यांचं निर्वाण झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं, ते राजगृहातच.

म्हणजे गरजेप्रमाणे ते भाड्यानेही राहिले आणि मालकही झाले. त्यांना छळलं ते भाड्याने नव्हे, नकाराने.

आपल्याही सोसायटीत आता भाडेकरू येतात. समितीने करारनामा आणि पोलीस पडताळणी जरूर पाहावी. आडनाव काय, घरात काय शिजतं, याची चौकशी मात्र कोणीही करू नये. पंचविसाव्या वर्षी एवढा ठराव आपण एकमताने करू शकतो.