निकोला टेस्ला आणि आपल्या विहिरीवरील मोटार

आपल्या खानदेशांत सकाळीं केळीच्या बागेंतून चालत गेलें असतां विहिरीवरील विजेच्या मोटारीचा एकसुरी आवाज कानीं पडतो. स्टार्टरचें बटण दाबतांच पाटांत पाणी खळाळूं लागतें; परंतु ह्या यंत्रामागें एका पुरुषाचा केवढा ध्यास उभा आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्या पुरुषाचें नांव निकोला टेस्ला.

टेस्लाचा जन्म ता. १० जुलै १८५६ रोजीं आजच्या क्रोएशियांतील स्मिल्यान ह्या खेड्यांत एका सर्बियन धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. मुलानेंहि तोच मार्ग धरावा अशी बापाची इच्छा. पण मुलाचें मन यंत्रांत गुंतलेलें. ग्रात्सच्या तंत्रविद्यालयांत शिकत असतां त्यानें एकदिश प्रवाहावर चालणारें यंत्र पाहिलें. त्याच्या फिरत्या भागास वीज पोंचविण्याकरितां ब्रश घासत असत व तेथें सारख्या ठिणग्या उडत. हा घासणारा भाग काढूनच टाकतां येणार नाहीं काय, असें त्यानें विचारलें. प्राध्यापकांनीं ती कल्पना अशक्य ठरवून भर वर्गांत खोडून काढली. विद्यार्थ्यापाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. पण प्रश्न त्यानें सोडला नाहीं.

पुढें १८८२ सालीं बुडापेस्ट येथील एका बागेंत मित्रासह फिरत असतां त्यास उत्तर सुचलें. वर्तुळांत मांडलेल्या वेटोळ्यांतून एकामागून एक चढउतार होणारे उलटसुलट प्रवाह सोडले, तर चुंबकक्षेत्रच गोल फिरूं लागतें, आणि मधला भाग, त्यास एकहि तार न जोडतां, त्यामागें ओढला जातो.

१८८४ सालीं तो अमेरिकेस गेला. एडिसनच्या कारखान्यांतील नोकरी त्यानें थोड्याच महिन्यांत सोडली. पुढें भागीदारांनीं त्यास दूर केलें व पोटासाठीं खड्डे खणण्याची मजुरीहि त्यास करावी लागली. अखेर ता. १ मे १८८८ रोजीं त्याच्या मोटारीस पेटंट मिळालें व वेस्टिंगहाउसनें तें विकत घेतलें. त्याच सुमारास इटलींत फेरारिस ह्यानेंहि स्वतंत्रपणें हेंच तत्त्व शोधिलें होतें. १८९६ सालीं नायगाराच्या धबधब्याची वीज बफेलो शहरीं पोंचली, तेव्हां उलटसुलट प्रवाहाचा विजय झाला.

तथापि ह्या मोटारीस एक बंधन होतें. तिची गति प्रवाहाच्या आवर्तनांशीं जखडलेली. सेकंदास ५० आवर्तनांच्या विजेवर दोन ध्रुवांची मोटार मिनिटास ३००० फेऱ्यांपलीकडे जाऊं शकत नाहीं, व तिची गति हवी तशी कमी-अधिक करणेंहि कठीण. म्हणून १९२५ सालीं मुंबईस विजेची पहिली आगगाडी धावली ती एकदिश मोटारीवरच. आवर्तनेंच बदलणारें सोयीचें साधन हवें होतें. पण तें पाहण्याचें टेस्लाच्या नशिबीं नव्हतें. ता. ७ जानेवारी १९४३ रोजीं न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलींत, एकाकी व निर्धन स्थितींत, तो मरण पावला.

त्यानंतर १९४७ सालीं ट्रान्झिस्टर व १९५७ सालीं थायरिस्टर जन्मास आला. ह्या घनरूप खटक्यांच्या मंडलांत प्रथम उलटसुलट प्रवाह एकदिश केला जातो, व मग सेकंदास शेंकडों वेळां त्याची उघडझांप करून हव्या त्या आवर्तनांचा नवा प्रवाह घडविला जातो. आज भुसावळवरून जाणारीं नवीं त्रिकला एंजिनें ह्याच युक्तीनें टेस्लाची मोटार मंद वा वेगानें चालवितात. आपल्याकडील कांहीं सौरपंपांतहि, ढग आला कीं नियंत्रक आवर्तनें कमी करतो, आणि मोटार एकदम बंद न पडतां हळू फिरत राहते.

विद्यार्थिमित्रांनो, टेस्लाचा अर्धा प्रश्न त्यानें स्वतः सोडविला, उरलेला पुढच्या पिढ्यांनीं. वर्गांत ज्या प्रश्नास आज उत्तर मिळत नाहीं तो टाकून देण्याजोगा असतोच असें नाहीं. तो वहींत जपून ठेवावा.