ओळखीच्या रस्त्यावरचा मृत्यू

रे रोड स्थानकाच्या परिसरात ज्यांचा रोजचा राबता आहे त्यांना तेथील वाहतुकीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या रस्त्याला मिळाले. पुढे त्याचे बॅरिस्टर नाथ पै मार्ग असे नामकरण झाले, तरी हार्बर मार्गावरील स्थानकाने जुने नाव टिकवून धरले आहे. एका अंगाला बंदराची गोदामे, दारूखान्यात भंगार लोखंडाचे ढीग, आणि या साऱ्यांमधून वाट काढणाऱ्या मालमोटारी, हातगाड्या व दुचाक्या. २०१३ साली सुरू झालेला पूर्व मुक्तमार्ग येथून जवळच उंचावरून जातो. परंतु त्यावर दुचाकींना मज्जाव असल्याने मोटारसायकलस्वाराच्या वाट्याला खालचाच रस्ता येतो. अशा रस्त्यावर कित्येकांचे शिरस्त्राण कोपरात अडकवलेले किंवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेले असते. चौकात पोलीस दिसला की ते डोक्यावर चढते आणि चौक ओलांडला की उतरते. विचारावे तर उत्तर ठरलेले असते, की इथल्या इथे तर जायचे आहे.

इथल्या इथे जाऊन परत येतानाच विसाव्या शतकातील एक अत्यंत प्रसिद्ध पुरुष प्राणास मुकला. टॉमस एडवर्ड लॉरेन्स, अर्थात अरबस्तानचा लॉरेन्स, याचे नाव १९६२ सालच्या भव्य चित्रपटामुळे आपल्याकडेही घरोघर पोचले. तो चित्रपट मोटारसायकलच्या अपघातानेच सुरू होतो; मात्र पुढील वाळवंट, उंट आणि लढाया यांच्या झगमगाटात प्रेक्षक तो प्रारंभ विसरून जातो.

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समध्ये झाला. ऑक्सफर्डला इतिहास शिकत असताना धर्मयुद्धकाळातील किल्ले पाहण्यासाठी तो सीरियाभर पायी हिंडला, पुढे कार्केमिश येथील उत्खननात रमला आणि अरबी भाषा व माणसे यांची उत्तम जाण त्याला आली. पहिले महायुद्ध सुरू होताच हीच जाण लष्कराच्या उपयोगी पडली. महाराष्ट्राशी त्याचा एक दूरचा, काहीसा विस्मृत संबंध याच काळातला आहे. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातील कूत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडलेली फौज म्हणजे हिंदी सैन्याची सहावी, पुणे डिव्हिजन होती. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. अन्नान्न दशेला पोचलेल्या या फौजेच्या सुटकेसाठी तुर्की सेनापतीला वीस लाख पौंडांपर्यंत रक्कम देऊ करण्याकरिता ज्यांना धाडण्यात आले त्यांत लॉरेन्स होता. तुर्कांनी देकार फेटाळला, २९ एप्रिलला फौज शरण गेली आणि बंदिवासाच्या वाटेवर अनेक जवान मेले. त्यानंतरचा अरबांचा उठाव, १९१७ च्या जुलैमध्ये अकाबाचा पाडाव, १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये दमास्कसमधील प्रवेश हा इतिहास सर्वश्रुत आहे. गोळ्या, ज्वर आणि वाळवंट यांतून तो जिवंत परतला एवढेच येथे ध्यानात घ्यायचे.

युद्धानंतर या माणसाने कीर्तीकडे पाठ फिरवली. १९२२ साली तो खोट्या नावाने विमानदलात साधा सैनिक म्हणून भरती झाला. वर्तमानपत्रांनी बिंग फोडल्यावर तेथून त्याला काढून टाकण्यात आले. मग तो रणगाडा दलात शिरला आणि १९२५ मध्ये शॉ या नावाने पुन्हा विमानदलात आला. १९२७ च्या आरंभी त्याची रवानगी कराचीला झाली. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यातच मोडत होती. पुढल्या वर्षी त्याला वायव्य सरहद्दीवरील मिरानशाहच्या ठाण्यात पाठवले. तेथे तो होमरच्या महाकाव्याचे भाषांतर करीत बसला होता, परंतु पलीकडे अफगाणिस्तानात बंड उसळले आणि त्यामागे लॉरेन्सचाच हात आहे अशी आवई उठली. सरकारने घाईघाईने त्याला माघारी बोलावले. १९२९ च्या जानेवारीत राजपुताना नावाच्या आगबोटीने तो मुंबई बंदरातून स्वदेशी निघाला.

मोटारसायकल ही त्याची एकमेव चैन होती. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफ यांच्या कारखान्यात बनणाऱ्या ब्रफ सुपीरियर या महागड्या गाड्या त्याने एकामागून एक सात बाळगल्या आणि आठवीची मागणी नोंदवून ठेवली होती. यंत्राच्या वेगात त्याला मुक्ती वाटत असे. एकदा तर त्याने विमानाशी शर्यत लावली. तथापि त्याला निव्वळ वेगवेडा ठरवणे अन्यायाचे होईल. १९३१ मध्ये प्लिमथजवळ एक जलविमान समुद्रात कोसळले. बुडणाऱ्यांपर्यंत बचावनौका वेळेत पोचत नाहीत हे त्याने जवळून पाहिले आणि पुढील काही वर्षे वेगवान बचावनौका तयार करून घेण्यात खर्ची घातली. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी इंजिनाचा प्रत्येक खिळा तपासणाऱ्या या माणसाला स्वतःचे डोके झाकावेसे वाटले नाही. हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. शर्यतीच्या मैदानावर शिरस्त्राण १९१४ पासून रूढ झाले होते, पण सार्वजनिक रस्त्यावर ते घालण्याची कल्पना फारशी कोणाला सुचतच नव्हती.

१९३५ च्या फेब्रुवारीअखेर तो निवृत्त झाला आणि डॉर्सेटमधील क्लाउड्स हिल या आपल्या झोपडीवजा घरी राहू लागला. १३ मे रोजी तो जवळच्या बोव्हिंग्टन छावणीतील टपालकचेरीत तार करण्यासाठी गेला. अंतर दीड-दोन किलोमीटरांचे, रस्ता शेकडो वेळा तुडवलेला. परतताना रस्त्याच्या एका उतारात दोन सायकलस्वार मुले अचानक पुढ्यात आली. त्यांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आढळली. त्यावरून वेग ताशी साठ किलोमीटरांच्या आसपास असावा असे मानले जाते, एका साक्षीदाराने मात्र तो बराच अधिक सांगितला. कोणा काळ्या मोटारीची आणि घातपाताचीही चर्चा पुढे वर्षानुवर्षे चालली. थोर माणसाने क्षुल्लक कारणाने मरावे हे लोकांना पटत नाही, दुसरे काय! सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तो मेंदूच्या जखमांनी गेला.

त्याच्या अंथरुणापाशी बोलावलेल्या वैद्यांत डॉ. ह्यू केर्न्स हे मेंदूचे तरुण ऑस्ट्रेलियन शल्यविशारद होते. त्यांना काहीच करता आले नाही. पण हा मृत्यू त्यांनी मनातून जाऊ दिला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लष्करी संदेश नेणारे मोटारसायकलस्वार अंधारलेल्या रस्त्यांवर मरू लागले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व मागे बसणारे अपघातांत दगावले. केर्न्स यांनी १९४१ साली आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. अपघाताच्या वेळी शिरस्त्राण घातलेले अवघे सात जण त्यांच्या पाहण्यात आले होते आणि ते सातही वाचले होते. सात ही संख्या लहान खरीच, आणि त्यांनी ती मोठी करून दाखवली नाही. ते मोजत राहिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लष्कराने आपल्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, केर्न्स यांनी मृत्यूंचा आलेख कसा उतरत गेला ते मांडले. १९५२ साली ते वारले. ब्रिटनमध्ये सर्व नागरिकांसाठी सक्ती येण्यास १९७३ उजाडले.

शिरस्त्राण करते तरी काय? बाहेरचे कठीण कवच आघात एका बिंदूवर न ठेवता पसरवते. आतला थर्मोकोलसारखा थर चेपला जातो आणि डोके थांबण्यास क्षणाचा अंश अधिक मिळतो; तेवढ्याने मेंदूला बसणारा हिसका पुष्कळ सौम्य होतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून मोठ्या अपघातानंतर ते टाकूनच द्यावे लागते. हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही तर पहिल्याच धडकेत ते निसटते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून २००८ साली निघालेला निष्कर्ष असा, की शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. हातमोजे, जाड अंगरखा, घोटे झाकणारे बूट यांनी हाडे व कातडी वाचते. मुंबईच्या मे महिन्यात चामडी अंगरख्याचा आग्रह धरणे अव्यवहार्य आहे. परंतु निदान चपलेऐवजी बूट घालण्यास हवामान आड येत नाही.

आपल्याकडे कायद्याची वाण नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही लागू आहे. मुंबई पोलिसांनी मागे बसणाऱ्यांबाबत त्याची अंमलबजावणी २०२२ च्या जूनपासून आरंभली. मानकचिन्ह नसलेली शिरस्त्राणे विकण्यास २०२१ पासून बंदी आहे, तरी पदपथावर ती मिळतात. पुण्यात तर सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले. आधी खड्डे बुजवा हा विरोधकांचा मुद्दा न्याय्य आहे आणि नगरपालिकांना तो ठणकावून सांगितलाच पाहिजे. परंतु डॉर्सेटच्या त्या रस्त्याचा दोष खड्ड्यांचा नव्हता. एका उतारामुळे दोन मुले दिसली नाहीत, इतकेच. रे रोडला २०२५ मध्ये नवा केबलवर तोललेला उड्डाणपूल खुला झाला. रस्ता सुधारला की वेग वाढतो, हाही अनुभव आहे.

केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मृत्युमुखी पडले. त्यांतील १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. नवी दुचाकी विकताना तिच्यासोबत एक शिरस्त्राण देण्याचे बंधन नियमांनी उत्पादकावर घातलेले आहे. ते चालकाच्या डोक्यावर, नाही तर त्याच्या कोपरात, जाते. मागे बसणाऱ्या पत्नीसाठी वा मुलासाठी दुसरे घ्यायचे तर पदरचे पैसे मोडावे लागतात, आणि घरखर्चाच्या यादीत त्याचा क्रमांक शेवटचा असतो. उत्पादकाने दोन द्यावीत अशी दुरुस्ती सरकारने नियमांत करावी. वस्तू आणि जेवण घरपोच करणाऱ्या कंपन्यांनी आपल्या पोऱ्यांना मानकचिन्हाचे शिरस्त्राण स्वखर्चाने द्यावे, आणि दर दोन-तीन वर्षांनी ते बदलून द्यावे.