मोटारीस रूप देणारा पिनिन

रेषेचे मोल आम्हां पिंगुळीकरांस चित्रकथींमुळे ठाऊक आहे. लोखंडी पत्र्यांतून तशीच रेषा काढणारा बात्तिस्ता फारिना १८९३ साली इटलीत जन्मला. घरचे त्यास पिनिन, म्हणजे धाकुला, म्हणत. थोरल्या बंधूच्या कारखान्यात काम शिकून १९३० साली त्याने स्वतःचा कारखाना काढिला. १९४६ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात इटालियनांस मज्जाव होता. ह्या गृहस्थाने व पुत्राने दोन मोटारी स्वतः हाकीत नेऊन मंडपाच्या दाराशीच उभ्या केल्या! आम्हांस ह्या धिटाईचेच कौतुक अधिक. पुढील वर्षीच्या चिसितालिया गाडीत यंत्रे बहुतांशी फियाटचीच होती. परंतु मडगार्डे, दिवे व धड ह्यांचे वेगळेपण मोडून त्याने एकसंध अंग घडविले. १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती गाडी कलाकृती म्हणून मांडिली. १९६६ साली तो निवर्तला. अर्धशतकाने, २०१६ साली, त्याच्या कारखान्याची मालकी मुंबईच्या महिंद्र समूहाकडे आली.