केरूनाना, आगरकर आणि एक न लिहिलेले नाटक

नाट्यवाङ्मयाच्या पेपरसाठी आम्हाला नाटकांवर निबंध लिहून द्यावे लागतात. कथानक, स्वभावरेखन, संवाद, समारोप असे चार परिच्छेद पाडले की गुण मिळतात. या कामात माझा हात चांगला बसला होता. खोटे कशाला सांगू, गेल्या वर्षी दोघा मित्रांचे निबंध लिहून देऊन मी परीक्षेची फी भरली.

यंदा 'हॅम्लेट' हे नाटक वाट्याला आले. ग्रंथालयात मराठी भाषांतर शोधताना गोपाळ गणेश आगरकरांचे 'विकारविलसित' हाती लागले. सुधारक आगरकर मला ठाऊक होते, पण त्यांचा नाटकाशी काय संबंध? म्हणून त्यांचे चरित्र उघडले आणि निबंध तसाच राहिला.

आगरकरांचा जन्म 14 जुलै 1856 रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरत, कोणाकोणाच्या आधाराने शिकत ते मॅट्रिक झाले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगावर एकच सदरा. तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा. परीक्षेची फी भरायला पैसे नव्हते. तेव्हा एखादे नाटक लिहून नाटकमंडळीला द्यावे आणि त्या पैशांत फी भागवावी, असे त्यांनी मनाशी ठरविले. ही गोष्ट प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांच्या कानी गेली आणि त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याला मदत केली. नाटक लिहायचे राहिले, परीक्षा मात्र झाली.

हे केरूनाना आपल्या अलिबागजवळच्या नागावचे. त्यांचा जन्म 1825 चा. मुंबईस चुलत्यांकडे राहून ते शिकले, कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले आणि पुढे गणित व ज्योतिष यांतील अधिकारी पुरुष म्हणून नावाजले. टिळकही त्यांचेच विद्यार्थी. नागावच्या वाड्यांतून मी कितीदा सायकलवरून गेलो असेन, पण हे नाव कधी मनात आले नव्हते.

आगरकरांना नाटकाने पुन्हा गाठले ते तुरुंगात. कोल्हापूर प्रकरणात 1882 साली टिळक आणि आगरकर 101 दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम केले आणि 1883 साली 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी हॅम्लेटची भूमिका गाजविली. फीसाठी जे लिहिणार होते, ते कसे झाले असते कोण जाणे. पण हे फीसाठी लिहिलेले नव्हते.

पुढचे आयुष्य सर्वांना माहीत आहे. मोठ्या पगाराची वाट सोडून त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. मतभेद होताच 'केसरी' सोडला, 1888 साली 'सुधारक' काढला. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही. 1892 साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि 17 जून 1895 रोजी, चाळिशीही न गाठता, दम्याने खंगून गेले. आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. एकेकाळी ज्यांची फी दुसऱ्याने भरली, त्यांनी सरणाचाही भार कोणावर ठेवला नाही.

मग मी निबंधाला बसलो. राजपुत्राचे नाव टाकून आगरकरांनी नाटकाला मनाच्या विकारांचे नाव का दिले, एवढ्या एकाच प्रश्नावर लिहिले. चार परिच्छेद काही पडले नाहीत आणि गुणही नेहमीपेक्षा कमीच पडले. परवा एक मित्र पुन्हा निबंध मागायला आला. मी त्याला निबंध दिला नाही, 'विकारविलसित' दिले. आणि अडेल तेथे मला विचार, असे सांगितले. केरूनानांइतकी माझी ऐपत नाही. पण एवढे तरी मला जमण्यासारखे होते.