व्हांट हॉफचा उडता घोडा

अकरावीला मी विज्ञान शाखेत होतो. तेव्हा केलेला एक प्रयोग आठवतो. कागदावर काळी फुली, तिच्यावर चंबू, चंबूत हायपोचे द्रावण. त्यात आम्ल ओतले की गंधक सुटून द्रावण दुधाळ होई आणि फुली दिसेनाशी होई. हायपो निम्मा घेतला की फुली बुजायला जवळजवळ दुप्पट वेळ लागे. आकडे जर्नलमध्ये उतरवले, सही घेतली, सुटलो! पुढे कला शाखेत आलो, ते विज्ञानात कल्पनेला जागा नसते अशा ठाम समजुतीने. ती समजूत मोडली याकोबुस व्हांट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाच्या चरित्राने.

रॉटरडॅममधील एका डॉक्टरांच्या घरी १८५२ साली तो जन्मला. विद्यार्थिदशेत त्याला बायरनचे वेड होते. स्वतःही कविता करी. १८७४ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने एक छोटीशी पुस्तिका छापली. कार्बनच्या अणूचे चार बंध कागदासारखे सपाट नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात, अशी तिच्यातली कल्पना. त्याच वर्षी डॉक्टरेटही मिळाली. तो प्रबंध मात्र अगदी चाकोरीतला! १८७६ मध्ये नोकरी लाभली ती उत्रेख्तच्या पशुवैद्यकीय विद्यालयात. पुढच्याच वर्षी लाइपझिगचा मातब्बर प्राध्यापक हेर्मान कोल्बे त्याच्यावर तुटून पडला. या पोराला काटेकोर संशोधनाची गोडी नाही; म्हणून जनावरांच्या शाळेतून कवींचा पंखवाला घोडा उसना घेऊन तो उडत सुटला आहे, असा त्या टीकेचा सूर.

१८७८ मध्ये व्हांट हॉफ अॅमस्टरडॅमला प्राध्यापक झाला. पदग्रहणाच्या व्याख्यानाला त्याने विषय घेतला विज्ञानातील कल्पनाशक्तीचा! सुमारे दोनशे शास्त्रज्ञांची चरित्रे चाळून, त्यांतल्या कित्येकांना काव्याची वा कलेची ओढ होती, हे त्याने दाखवून दिले. मला हे उत्तर फार आवडते. पण याहून मोठे उत्तर १८८४ च्या ग्रंथात आहे.

रासायनिक गतिशास्त्रावरचा हा ग्रंथ त्याने फ्रेंचमध्ये लिहिला. संहती आणि वेग यांचे नाते विल्हेल्मीने साखरेच्या द्रावणावर १८५० मध्येच मोजले होते. व्हांट हॉफने त्या नात्यालाच हत्यार बनवले. संहती दुप्पट केल्यावर वेग दुप्पट झाला तर एकेक रेणू आपापला बदलतो. चौपट झाला तर दोन रेणू एकमेकांना भिडतात. म्हणजे डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या भेटी घड्याळावर मोजायच्या! आर्सीन हा विषारी वायू तापवला की त्याचे विघटन होते. कागदावरच्या समीकरणात त्याचे चार रेणू लागतात. ते खरोखरच एकत्र भिडत असते, तर संहती दुप्पट होताच वेग सोळापट व्हायला हवा होता. मापनातून निघाले ते निराळेच: वेग संहतीच्या सरळ प्रमाणात. कागदावरचे समीकरण म्हणजे घडणाऱ्या घटनेचे चित्र नव्हे, हे त्यातून कळले. (रेणुसंख्या आणि अभिक्रियेची कोटी यांत पुढच्यांनी आणखी भेद केला, तो भाग वेगळा.) माझ्या जर्नलातले फुलीचे आकडेही सरळ प्रमाणच सांगत होते, मी ते नुसते उतरवले होते, वाचले नव्हते.

१९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक व्हांट हॉफला मिळाले, ते रासायनिक गतीचे आणि द्रावणांतील परासरण दाबाचे नियम शोधल्याबद्दल. चतुष्फलकाचा त्यात उल्लेखही नव्हता. तेव्हा तो बर्लिनला होता. तिथेच, जवळच्या स्टेग्लिट्स गावी, १ मार्च १९११ रोजी क्षयाने तो वारला. कोल्बे मात्र १८८४ सालीच गेला होता, ज्या वर्षी तो ग्रंथ निघाला त्याच वर्षी.